व्हॉट्सॲपवरचा सौदा, कोर्टातला पुरावा आणि 'भाग ब'ची सही

येरळाकाठ

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसता वाचक. आज घरातला प्रश्न घेऊन आलोय, जाणकारांनी वाट दाखवावी.

थोरल्या भावाची तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत परगावच्या एका व्यापाऱ्याला माल दिला. चार किलोच्या दोन हजार पेट्या, पेटीला १९० रुपये, म्हणजे ३ लाख ८० हजार. बोलणी बागेतच झाली, कागद कुठलाच नाही. पण दर, गाडी कधी लागणार, 'आठ दिवसांत पैसे टाकतो दादा', हे सगळं व्हॉट्सॲपवर आहे आणि बरंचसं त्याच्याच आवाजात. काटा पावत्यांचे फोटोही तिथेच पाठवलेले. पहिले ८० हजार यूपीआयने आले. मग फोन उचलणं बंद झालं आणि पुढे नंबरच बंद.

दिवाळीत भावाने जुना मोबाइल एक्स्चेंजमध्ये देऊन नवा घेतला. बॅकअप कधी चालूच नव्हता. पुतण्याने त्याआधी काढून ठेवलेले चौदा स्क्रीनशॉट तेवढे हातात आहेत.

दावा लावायचा म्हणून वकिलांकडे गेलो. ते म्हणाले, नुसत्या स्क्रीनशॉटवर भागणार नाही. नव्या साक्ष्य कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागेल आणि त्याचा 'भाग ब' तज्ज्ञाने सही करून द्यावा लागेल. पुण्यात एका खासगी तज्ज्ञाकडे चौकशी केली, त्याने पंचवीस हजार सांगितले. द्राक्षाच्या पैशासाठी भांडायचं तर आधी घरातूनच पंचवीस हजार काढायचे. भाऊ म्हणतो, सोडून दे. मला सोडवत नाही. बाग त्याने रात्री जागून सांभाळली आहे.

कायदा खरंच असा आहे का? आणि असला तर का?

---

सनद९८

येरळाकाठ, तुमच्या वकिलांनी सांगितलं ते बरोबर आहे. पण ते पूर्ण चित्र नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपला जुना पुरावा कायदा १८७२ चा. त्यात 'दस्तऐवज' म्हणजे हाताला लागणारी वस्तू. आवाज आणि चित्र साठवणारी यंत्रं आली तसा कोर्टांना एकेक निकाल देत मार्ग काढावा लागला. गंमत नव्हे, अभिमानाची गोष्ट म्हणून सांगतो, यातले कितीतरी खटले आपल्या महाराष्ट्रातले आहेत. १९६७ साली युसुफअली विरुद्ध महाराष्ट्र सरकार या खटल्यात मुंबई महापालिकेच्या कारकुनाला लाच देतानाचं संभाषण टेपरेकॉर्डरवर घेतलेलं होतं. सुप्रीम कोर्टाने ते पुरावा म्हणून घेतलं. पुढे मलकानी खटला, त्यात मुंबईच्या कॉरोनरचं, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याचं, टेलिफोनवरचं बोलणं टेप केलेलं होतं. २००३ मध्ये डॉ. प्रफुल्ल देसाई प्रकरणात अमेरिकेतल्या डॉक्टरची साक्ष व्हिडिओ कॉन्फरन्सवरून घेता येईल असं ठरलं. साक्षीदार 'हजर' असणं म्हणजे तो त्या खोलीतच असणं, असा अर्थ कोर्टाने लावला नाही. आज कोविडनंतर ते आपल्याला साधं वाटतं, तेव्हा ते धाडसाचं होतं.

संगणकासाठी मात्र २००० साली माहिती तंत्रज्ञान कायद्याबरोबर कलम ६५ब आलं. मूळ यंत्राऐवजी प्रत द्यायची असेल तर सोबत प्रमाणपत्र हवं: हे कोणत्या यंत्रातून काढलं, ते यंत्र नीट चालत होतं का, कोणाच्या ताब्यात होतं. त्या प्रमाणपत्राची सक्ती आहे की नाही, यावर सुप्रीम कोर्टातच पंधरा वर्षं मत बदलत राहिलं. संसद हल्ला खटल्यात २००५ साली म्हणाले, नसलं तरी चालेल. २०१४ मध्ये अन्वर खटल्यात म्हणाले, हवंच. २०१८ मध्ये शफी मोहम्मद प्रकरणात पुन्हा सैल केलं. शेवटी १४ जुलै २०२० ला अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या निकालात तिघा न्यायमूर्तींनी ठरवलं की प्रमाणपत्र सक्तीचं.

आता तुमच्या कामाचं. त्याच निकालात स्पष्ट म्हटलंय की मूळ यंत्रच, म्हणजे तो मोबाइल किंवा लॅपटॉप, त्याचा मालक स्वतः कोर्टात घेऊन साक्षीला उभा राहिला, तर प्रमाणपत्राची गरज नाही. तो मूळ पुरावा. तुमची अडचण तिथेच आहे, कारण मूळ फोन गेला.

---

जालनेकर

वकीलसाहेबांनी आमच्या जालन्याच्या निकालाचं नाव काढलं म्हणून लिहितो. बाहेरच्या लोकांना त्यातली हकीकत माहीत नसते.

२०१४ ची विधानसभा. खोतकर २९६ मतांनी निवडून आले. विरोधकांचं म्हणणं होतं की अर्ज भरायची मुदत २७ सप्टेंबरला दुपारी तीनपर्यंत होती आणि त्यांचा अर्ज तीननंतर दाखल झाला. निवडणूक आयोगाच्या नियमाप्रमाणे निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात आणि बाहेर व्हिडिओ कॅमेरे लावलेले होते. म्हणजे तीन वाजता कोण कुठे होतं ते चित्रित झालेलं. त्याच्या सीडी मिळाल्या, पण सीडीसोबतचं ६५ब चं प्रमाणपत्र वारंवार मागूनही मिळालं नाही. कॅमेरा सरकारी, कागद सरकारी, सही करणारा सरकारी. मग याचिका करणाऱ्याने काय करायचं?

औरंगाबाद खंडपीठाने २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये निवडणूक रद्द केली. सुप्रीम कोर्टानेही ती रद्दच ठेवली. प्रमाणपत्र सक्तीचं, पण ज्याने ते मिळवण्यासाठी करता येईल ते सगळं केलं आणि तरी मिळालं नाही, त्याला त्याची शिक्षा नको, असं कोर्टाने म्हटलं. अशक्य गोष्ट कर असं कायदा कोणाला सांगत नाही, या जुन्या तत्त्वावर.

येरळाकाठ, हे तुमच्या कामाचं असू शकतं. मागितल्याचा लेखी पुरावा ठेवा.

---

सनद९८

जालनेकर, नेमकं. त्या निकालातला तो भाग वकीलही विसरतात. दुसरी गोष्ट, प्रमाणपत्र दाव्यासोबत पहिल्याच दिवशी दिलं नाही म्हणून सगळं संपत नाही. सुनावणी चालू असताना, कोर्टाच्या परवानगीने नंतरही देता येतं. आणि कोणी देत नसेल तर कोर्टाकडे अर्ज करून त्याला हुकूम करवता येतो.

---

बिटकर

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. कायदा मला कळत नाही, पण कलम ६३ च्या प्रमाणपत्राच्या नव्या फॉर्ममध्ये 'हॅश' लिहायची जागा आहे ती बघून मला खरंच बरं वाटलं. ते काय असतं ते साध्या शब्दांत सांगतो, कारण इथे बऱ्याच जणांना वाटतं की ते काहीतरी महागडं प्रयोगशाळेतलं काम आहे.

एखादी फाइल घ्या, फोटो, आवाज, काहीही. एसएचए-२५६ नावाच्या गणिती पद्धतीतून ती घातली की चौसष्ट अक्षरांची एक ओळ निघते. तीच फाइल जगात कुठेही, कुठल्याही संगणकावर घातली तरी तीच ओळ. फाइलमध्ये एक ठिपका जरी बदलला तरी ओळ पूर्ण वेगळी. म्हणजे आज वहीत ती ओळ लिहून ठेवली, दोन वर्षांनी कोर्टात फाइल उघडून पुन्हा काढली आणि जुळली, तर मधल्या काळात फाइलला कोणी हात लावला नाही. हे काढायला कुठल्याही साध्या लॅपटॉपवर काही सेकंद लागतात आणि पैसा लागत नाही.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. एक, व्हॉट्सॲप फोटो पाठवताना तो दाबून लहान करतं. त्यामुळे कॅमेऱ्यातला मूळ फोटो आणि समोरच्याला पोचलेला फोटो यांचा हॅश वेगळा येतो. त्यात लबाडी नाही, पण उलटतपासणीत त्यावरून गोंधळ घालता येतो. दुसरं, हॅश एवढंच सांगतो की फाइल तेव्हापासून बदलली नाही. ती मुळात खरी होती का, हे तो सांगत नाही. कोणी आवाजाची नक्कल करून खोटी फाइल बनवली असेल, तर त्या खोट्या फाइलचाही हॅश नेमकाच येईल. आज आवाजाची हुबेहूब नक्कल करणारी साधनं कोणाच्याही हातात आहेत, म्हणून हे ठासून सांगतो.

---

गोदाकाठचा

मला हे सगळं प्रमाणपत्र प्रकरणच अन्यायाचं वाटतं. बिटकर म्हणतात हॅश फुकट निघतो. मग 'भाग ब'वर तज्ज्ञाची सही कशाला? नाशिककडेही दर हंगामात हेच होतं. व्यापारी माल नेतो आणि गायब होतो. शेतकऱ्याकडे मोबाइलशिवाय काय असतं? ज्या इंग्रजांच्या कायद्यातून हे कलम उचललं, त्यांनी स्वतः ते केव्हाच काढून टाकलं असं वाचलंय. आपण मात्र धरून बसलोय. यंत्र नीट चालतंय असंच गृहीत धरा, ज्याला शंका आहे त्याने सिद्ध करावं.

---

लेस्टरची वैदेही

गोदाकाठचा, तुमचा राग समजतो. इंग्लंडचं म्हणालात ते खरं आहे. दिवाणी खटल्यांसाठी त्यांच्या १९६८ च्या कायद्यात असं कलम होतं, ते १९९५ ला गेलं. फौजदारीतलं १९९९ च्या कायद्याने गेलं. त्यानंतर तिथे नेमकं तुम्ही म्हणता तेच झालं: संगणक बरोबर चालतोय असं कोर्टाने गृहीत धरायचं.

पुढे काय झालं ते मी इथे राहून पाहिलंय. पोस्ट ऑफिसचं होरायझन नावाचं हिशोबाचं सॉफ्टवेअर होतं. गावोगावच्या पोस्टाच्या काउंटरवर रोकड कमी पडल्याचं ते दाखवायचं. पोस्टमास्तर सांगत होते, आम्ही एक पेनी घेतलेली नाही, यंत्रात चूक आहे. पण यंत्र खरं धरलेलं, आणि यंत्राच्या आतलं दाखवायची मागणी करायला त्यांच्याकडे ना पैसा ना माहिती. १९९९ ते २०१५ मध्ये नऊशेहून जास्त माणसं चोर ठरली. काही तुरुंगात गेली, काहींनी घरं विकून न चोरलेले पैसे भरले, काहींनी जीव दिला. त्यात आपल्या भारतीय वंशाची कुटुंबं कितीतरी. गावातलं पोस्ट आणि दुकान एकत्र चालवणारी कष्टाळू माणसं, शेजाऱ्यांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. २०१९ च्या डिसेंबरमध्ये हायकोर्टाने सांगितलं की ते सॉफ्टवेअर भरवशाचं नव्हतं. एकेक अपील ऐकत बसायला वेळ पुरेना म्हणून २०२४ मध्ये संसदेने थेट कायदा करून शेकडो शिक्षा एकदम रद्द केल्या.

म्हणून मला वाटतं, यंत्राला जाब विचारणारं कलम आपल्याकडे शिल्लक आहे ही मोठी गोष्ट आहे. उद्या येरळाकाठ यांच्या भावावरच कोणी बँकेच्या किंवा ॲपच्या नोंदी दाखवून खोटा दावा लावला, तर हेच कलम त्यांची ढाल होईल. सहीचा खर्च कोणावर पडतो, तो प्रश्न मात्र तुमचा अगदी रास्त आहे.

---

गोदाकाठचा

वैदेहीताई, हे मला माहीत नव्हतं. 'यंत्र खरंच धरा' हे माझे शब्द मागे घेतो. खर्चाचं मात्र मागे घेत नाही.

---

सनद९८

खर्चाबद्दल माझंही मत लिहितो, कारण दर आठवड्याला अशील समोर बसून हेच विचारतात.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याआधी सुरू झालेले खटले जुन्या कायद्याने चालतात, नंतरचे नव्याने. तुमचा दावा नव्याने. नव्या कायद्यात काही गोष्टी चांगल्या आहेत. कलम ६१ सांगतं की केवळ इलेक्ट्रॉनिक आहे म्हणून नोंद नाकारू नका. प्रमाणपत्राचा नमुना अनुसूचीतच छापून दिला, नाहीतर पूर्वी प्रत्येक वकील आपापल्या भाषेत लिहायचा. हॅशची जागा दिली. पण जुन्या ६५ब मध्ये, ज्याची जागा आता कलम ६३ ने घेतली, यंत्र ज्याच्या ताब्यात त्याची एकट्याची सही पुरायची. आता 'भाग अ' त्याचा आणि 'भाग ब' तज्ज्ञाचा. तज्ज्ञ म्हणजे कोण, हे कलम ६३ सांगत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९अ खाली केंद्राने अधिसूचित केलेल्या प्रयोगशाळा आहेत, पण त्यांच्याकडे फौजदारी गुन्ह्यांचंच काम भरपूर. तीन लाखांच्या दाव्याचा मोबाइल घेऊन दिवाणी पक्षकार तिथे जाणार कसा? म्हणून मग खासगी तज्ज्ञ, आणि त्याला तो मागेल ती फी.

मला मनापासून वाटतं की तालुका कोर्टात हे काम व्हायला हवं. आज कोर्टांमध्ये ई-सेवा केंद्रं आहेत, तिथे खटल्याची तारीख बघून देतात, ई-फायलिंगला मदत करतात. तिथेच एक प्रशिक्षित माणूस बसवा, ठरावीक शुल्क लावा. पक्षकाराने फोन आणावा, त्याच्यासमोर फाइल काढावी, हॅश लिहावा, सही करावी. जसा नोटरी असतो तसा. माझ्या बार असोसिएशनमध्ये मी हे दोनदा मांडलंय, परत मांडणार आहे.

---

निशिगंध

थोडं वेगळं, पण जोडूनच आहे. फोन तज्ज्ञाच्या हातात द्यायचा म्हणजे त्यात आपलं सगळंच असतं. घरचे फोटो, डॉक्टरचे रिपोर्ट, मैत्रिणींशी बोललेलं. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. पण १४ जुलै २०२५ ला सुप्रीम कोर्टानेच म्हटलं की नवरा-बायकोच्या खटल्यात एकाने दुसऱ्याचं बोलणं गुपचूप रेकॉर्ड केलं असेल तरी ते पुरावा म्हणून चालेल.

कुटुंब न्यायालयात मी माझ्या जवळच्या एका बाईसोबत वर्षभर जात होते. तिच्याकडे त्याच्या धमक्यांचं रेकॉर्डिंग होतं आणि ते ऐकलं गेलं नसतं तर तिच्यावर कोणी विश्वास ठेवला नसता. म्हणून त्या निकालाने मला आनंदही झाला. आणि त्याच आठवड्यात दुसऱ्या एका ओळखीच्या घरात बायकोच्या फोनवर हेरगिरीचं ॲप सापडलं. आता सांगा, एकच नियम दोघींना कसा लावायचा? तिथे फोन कोणाचा, रेकॉर्ड कोणी केलं, कशासाठी केलं, हे बघणारा न्यायाधीश हवा. आणि तज्ज्ञाला देताना फक्त ती एक फाइल देता आली पाहिजे, अख्खा फोन नाही.

---

बिटकर

निशिगंध, तांत्रिकदृष्ट्या ते अगदी शक्य आहे. फोन पक्षकाराच्याच हातात ठेवून, तज्ज्ञाने समोर बसून तेवढीच फाइल उतरवून घ्यायची. अख्ख्या फोनची प्रत काढण्याची गरज फाइल पुसल्याचा किंवा बदलल्याचा वाद असेल तेव्हाच. पक्षकाराने हे आधी ठामपणे सांगावं आणि लिहून घ्यावं.

---

येरळाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. कालचा धागा मी भावाला आणि वहिनीला मोठ्याने वाचून दाखवला. आणि त्यातून एक गोष्ट निघाली.

घरचा हिशोब वहिनी ठेवते. औषधं, मजुरी, पेट्या, सगळं तिच्या वहीत. भावाला आलेला प्रत्येक काटा पावतीचा फोटो आणि व्यापाऱ्याचे आवाजातले निरोप भाऊ तिला तिथल्या तिथे पुढे पाठवायचा, दर आणि वजन वहीत चढवायला. तिचा फोन जुनाच आहे, चार वर्षांपासून तोच. काल उघडून बघितला तर सगळं आहे. पहिल्या गाडीपासून शेवटच्या 'आठ दिवसांत टाकतो'पर्यंत. पुतण्या लगेच ते स्वतःच्या मोबाइलवर घ्यायला निघाला होता, मी थांबवलं. आता काय करू?

---

सनद९८

उत्तम. आता नीट ऐका.

त्या फोनमधलं काहीही पुसू नका. व्हॉट्सॲप काढून पुन्हा टाकू नका, फोन रिसेट करू नका, सिम बदलू नका. फोन तोच ठेवा, वापरायला दुसरा घ्या. निरोप तिला जसे पोचले तसे तिच्या फोनवर आहेत, त्यामुळे फोन घेऊन ती स्वतः साक्षीला उभी राहिली तर जालन्याच्या निकालाचा आधार तुम्हाला आहे. एक फरक लक्षात ठेवा, तिच्याकडे पुढे पाठवलेली प्रत आहे. ती व्यापाऱ्याकडून आली हे भावाने सांगायचं आणि आवाज ओळखायचाही त्यानेच, दहा वेळा फोनवर बोललेला माणूस तो. समोरच्याला 'हा माझा आवाज नाही' असं शपथेवर म्हणावं लागेल. ते म्हणणं सोपं नसतं. वहिनींची वही वेगळी दाखल करा. व्यवहार होत होते तेव्हाच रोजच्या रोज लिहिलेली वही हा चांगला आधार आहे, तिला हॅश लागत नाही.

८० हजारांची नोंद विसरू नका. बँकेकडून खात्याचा उतारा घ्या, पण नेटवरून काढलेला नको. बँकर्स बुक्स एव्हिडन्स ॲक्ट, १८९१ आहे, त्याखाली बँकेचा अधिकारी संगणकीय उताऱ्यावर प्रमाणपत्र देतो. त्या माणसाने तुम्हाला पैसे पाठवले हे त्यातून बसतं, मग कशाचे पाठवले याचं उत्तर त्याने द्यावं. त्याच्या फोनमधलं संभाषण कोर्टात हजर करायला लावण्याचा अर्जही करता येईल. त्याने पुसलं म्हणाला तर न्यायाधीश त्यावरून जो निष्कर्ष काढायचा तो काढू शकतात.

मुदत तीन वर्षं आहे, घाई नाही, पण फोन जुना आहे, म्हणून उशीर नको. 'भाग ब'सुद्धा करून घ्या, फोन मध्येच बंद पडला तर हाताशी असावा. कोल्हापुरात माझ्या ओळखीचे एक जण वाजवी फीमध्ये करतात, मी निरोपात कळवतो.

---

जालनेकर

वहिनींना नमस्कार सांगा.

---

येरळाकाठ

सांगितला. वहिनी आजवर कोर्टाची पायरी चढलेली नाही. रात्री मी तिला म्हटलं, साक्षीला पिंजऱ्यात उभं राहावं लागेल, समोरचा वकील उलटसुलट विचारेल. ती म्हणाली, "विचारू द्या की. पेट्या मी मोजल्यात."

फोन तिने बंद करून, वहीसोबत कपाटात ठेवलाय. पुतण्याने तिला त्याचा जुना फोन वापरायला दिला, नवं सिम घालून. सोमवारी बँकेत आणि मंगळवारी वकिलांकडे. सनद९८, तुमचा निरोप मिळाला, उद्या फोन करतो.